ड्रॉवरमधल्या कार्डांत अडकलेले दीड हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीखालचा ड्रॉवर उपसला तर त्यातून नऊ कार्डं निघाली. क्रेडिट-डेबिटवाली नाहीत हं, आधी पैसे भरायचे आणि मग वापरायचे ती. दोन वेगवेगळ्या मेट्रोंची दोन, बसचं एक, नवऱ्याच्या ऑफिसचं मील कार्ड, त्याच ऑफिसने दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला मिठाईऐवजी दिलेलं गिफ्ट कार्ड, मुलांच्या गेम झोनचं, एका वॉटर पार्कचं आणि मॉलच्या फूड कोर्टची दोन. मुलाला म्हटलं बस, आणि एकेकाचा बॅलन्स बघ. कुठे ॲप उघडा, कुठे नंबर खरवडा, कुठे कस्टमर केअरची गाणी ऐका असं करत रविवारची दुपार गेली आणि बेरीज आली १,५५७ रुपये. फोनमधल्या दोन वॉलेटांमधले सुटे पैसे यात धरलेले नाहीत. सासूबाई शेजारीच गवार मोडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आधी पैसे द्यायचे आणि मग आपलेच परत मागत फिरायचं, ही कुठली गं रीत?"

तुमच्या पेपरात डिजिटल पेमेंट किती वाढलं याच्या बातम्या नेहमी येतात आणि वाढलंय ते खरंच आहे, मी काही त्याच्या विरोधात नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा आमच्या डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याने आठवड्याभरात वॉलेटचं स्टिकर लावलं होतं, मेथीची जुडी मी फोनवरून घेतली तेव्हा अख्ख्या चाळीत सांगत सुटले होते. मग केवायसी आलं, रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम कडक केले, कागदपत्रं द्यायचा कंटाळा म्हणून बऱ्याच जणांनी वॉलेट सोडून दिलं, आणि तोपर्यंत यूपीआय आलंच होतं ज्यात पैसे सरळ आपल्या खात्यातून जातात, आधी कुठे भरून ठेवायला लागत नाहीत. मला वाटलं संपलं हे वॉलेट प्रकरण. पण नाही, ते दुसऱ्या दाराने परत आलं. मेट्रोचं कार्ड, टोलचा फास्टॅग, गिफ्ट कार्ड, किराणा मागवायच्या ॲपमधली 'मनी', सगळी त्याच जातकुळीतली.

मुंबईकरांना हे नवं नाही म्हणा. लोकलची कुपनं आठवतात का, ती पुस्तिका घ्यायची आणि प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये एकेक कुपन घालून ठप्पा मारायचा? ते पण आधीच भरलेले पैसेच होते. माझ्या वडिलांच्या पाकिटात ती मशीनं बंद झाल्यावरही कुपनांचा अर्धा गठ्ठा होता, तो तसाच गेला. पण ते एक पुस्तक होतं. आता एकाच शहरात किती? मी लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा प्रवास करते. त्या मेट्रोचं कार्ड वेगळं, दहिसरकडच्या मेट्रोचं वेगळं, बेस्टचं वेगळं, लोकलच्या एटीव्हीएमचं म्हणजे तिकीट मशीनचं वेगळं. 'एक देश एक कार्ड' म्हणून सगळ्या मेट्रो-बसला चालावं असं एनसीएमसी कार्ड २०१९ च्या मार्चमध्ये आलं, आमच्याकडचं एक कार्ड तेच आहे, तरी पाकीट काही हलकं झालं नाही.

त्या एनसीएमसीचं पण एक सांगते कारण खूप जणांना माहीत नसतं. ॲपवरून पैसे भरले की ते कार्डात येत नाहीत! ते आधी कुठेतरी वर लटकतात आणि स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून बॅलन्स अपडेट केला की मग चिपमध्ये उतरतात. मी पहिल्यांदा २०० रुपये भरून थेट गेटवर गेले, गेट उघडेना, मागे रांग, एक काका म्हणाले "अहो बाई पैसे तरी भरा", आता काय बोलणार त्यांना. आणि चिपमधले पैसे म्हणजे खिशातल्या नोटेसारखे, कार्ड हरवलं की गेले. सोय म्हणून हे ठीक आहे, गेटवर पिन टाकत बसलं तर गर्दीत चेंगराचेंगरी होईल, पण विकताना हे कुणी सांगत नाही.

माझा खरा राग उरलेल्या पैशांवर आहे. फूड कोर्टात जा, काउंटरवर रोख किंवा यूपीआय चालत नाही, आधी कार्ड घ्या. किती भरू विचारलं तर "मॅडम पाचशे भरा, चार जण आहात." खाणं होतं ४४५ चं, उरलेले ५५ परत घ्यायला वेगळी रांग, आणि ती पण त्याच दिवशी. पोरं पेंगत असतात, शेवटची लोकल गाठायची असते, कोण थांबणार? पूर्वी दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवायचा तेव्हा आपण भांडायचो, आता चॉकलेटही नाही आणि भांडायला समोर माणूसही नाही.

मुलगा सीए करतोय, त्याने मला रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून दाखवले तेव्हा कळलं की नियम तसे वाईट नाहीत. कार्डात शेवटचे पैसे भरल्यापासून कमीत कमी १ वर्ष मुदत द्यावी लागते, मुदत संपायच्या आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि मुदत संपल्यावर सुद्धा मागितलं तर शिल्लक बँक खात्यात द्यावी लागते. पण हे सगळं कुणाला? जी कार्डं अनेक ठिकाणी चालतात त्यांना. एखाद्या मॉलचं, वॉटर पार्कचं, गेम झोनचं स्वतःचं कार्ड जे फक्त त्यांच्याकडेच चालतं त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही, म्हणजे हे नियमही लागू नाहीत. नेमके जिथे आपण वर्षातून एकदा जातो आणि पैसे मागे राहतात तिथेच आपलं ऐकणारं कुणी नाही.

आणि अजून एक. वॉलेटमधल्या पैशांवर आपल्याला व्याज मिळत नाही, तसा नियमच आहे. कंपनीला ते पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात म्हणून ती ते उधळू शकत नाही, हे चांगलंय. पण त्यातला जो भाग कायम पडूनच असतो त्यावर कंपनीला काही अटींवर व्याज घेता येतं. आमचे पैसे, आमचा आळस, आणि व्याज त्यांना. अर्थात धंदा आहे, कुणी समाजसेवा करत नाही, पण मग परत करताना तरी एवढी खळखळ कशाला.

कुणी म्हणेल तांत्रिक अडचण असते. कसली अडचण? यूपीआय लाइट बघा, तिथेही पैसे आधी बाजूला काढून ठेवतो, ५,००० पर्यंत, आणि नको असतील तर एका बटणाने परत खात्यात येतात. जी कंपनी माझ्या मोबाईल नंबरवर रोज दोन ऑफर पाठवते तिला त्याच नंबरवर माझे ५५ रुपये पाठवता येत नाहीत हे मला पटत नाही. माझं साधं म्हणणं आहे, दुकानाचं स्वतःचं कार्ड असलं तरी उरलेली रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने मागेल तेव्हा परत मिळावी, आणि कार्डाऐवजी सरळ पैसे द्यायचा पर्याय काउंटरवर असावा. राज्य सरकारने किंवा ग्राहक खात्याने एवढं केलं तरी पुष्कळ.

आता आमच्या नऊ कार्डांचं. मील कार्डावर साबण-तेल काही मिळत नाही म्हणून ३७१ रुपयांचा नवऱ्याने डबा न नेता दोन दिवस जेवून फडशा पाडला. बसचं आणि मेट्रोची मी वापरून संपवतेय. वॉटर पार्कवाल्यांनी फोनवर सांगितलं, "पुढच्या वेळी याल तेव्हा वापरा." त्यांच्याकडच्या १४० रुपयांसाठी मी परत चार तिकिटं काढायची! गिफ्ट कार्डात ४१२ आहेत आणि त्याची मुदत ऑगस्टातच संपलीय, कंपनीला ईमेल केली, ऑटोमॅटिक उत्तर आलं, बाकी शांतता. ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, १४४४८ वर फोन करूनही माहिती मिळते, असं मुलगा म्हणतो. आज अकरावा दिवस आहे. काय होतं ते कळवीन, जागा असेल तर छापा.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)