केसपेपरवर नुसतं 'शेती' लिहून भागणार नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जावळी, पाटण, माण, खटाव इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला गेली आणि रिटायर होऊन गावी आली. माझे चुलते त्यांतलेच. उमेदीची वर्षं त्यांनी ब्रेक लायनरच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काढली.

गावी आल्यावर बऱ्याच वर्षांनी उजव्या छातीत पाणी झालं. केसपेपरवर व्यवसाय लिहिला गेला 'शेती'. पाणी काढलं. पिवळसर, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए (टीबीच्या संशयात तपासतात ते एन्झाइम) थोडं वाढलेलं. आपल्याकडं एवढ्यावर टीबी धरतात, आणि बहुतेक वेळा तो असतोही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण गोळ्या चालू असताना पाणी पुन्हा पुन्हा भरत होतं, वजन उतरत होतं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त! मेसोथेलिओमात, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसमुळं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरात, पाण्याचा रिपोर्ट अनेकदा असाच कोरा येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी विचारलं, "काका, मुंबईत काय काम करत होता?" तिथून चक्रं फिरली. सिटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचं आवरण गाठीगाठींनी जाड झालेलं दिसलं. मग थोरॅकोस्कोपी: बरगड्यांमधून बारीक छिद्र पाडून दुर्बीण आत घातली आणि डोळ्यांदेखत आवरणाचे तुकडे घेतले. त्यावरही लगेच निकाल लागत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हा कॅन्सर फुफ्फुसाच्या साध्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, म्हणजे तुकड्यातल्या पेशींमधली ठरावीक प्रथिनं (मार्कर) रंगवून बघतात. मेसोथेलिओमाकडं बोट दाखवणारे कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-1 पॉझिटिव्ह. फुफ्फुसाच्या कॅन्सरकडं बोट दाखवणारे टीटीएफ-1, क्लॉडिन-4 निगेटिव्ह. तेव्हा कुठं रोगाचं नाव कळलं: मेसोथेलिओमा.

1960 साली डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले 33 रुग्ण मांडले, तेव्हा हा रोग आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा धागा जुळला तोही माणसं कुठं राहिली, कुठं राबली हे विचारूनच. धूळ छातीत गेल्यावर रोग दिसायला 20 ते 40 वर्षं, कधी जास्तही लागतात. तोवर कामगार सातबाऱ्यावर शेतकरी झालेला असतो.

तेव्हा साहेब, सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरवर 'पूर्वी कुठे, काय काम केले' अशी एक ओळ छापा. याला खर्च शाईचा. टीबीच्या गोळ्यांनी छातीतलं पाणी हटत नसेल, तर बायोप्सीला पाठवायची मुदत ठरवून द्या. सातारा आणि मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत थोरॅकोस्कोपी आणि या मार्करच्या तपासण्या जन आरोग्य योजनेतून, पदरचा पैसा न घालता, वेळेत होतील असं बघा.

आणखी एक. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपा, असं सुप्रीम कोर्टानं 1995 सालीच बजावलं आहे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या नोंदी आज कुणाच्या कपाटात आहेत, हे कामगार खात्याकडून काढून घ्या. चुलतीनं ते धुळीचे कपडे वर्षानुवर्षं झटकून धुतले. घरच्यांनाही यातून हा रोग झाल्याची उदाहरणं आहेत. यादी करताना अशा बायकांची नावंही धरा.

आपला,
जावळी तालुक्यातील एक नागरिक