वाचलेल्या जनावरांचे नुकसान कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात माश्या-गोचिडे वाढली की गोठ्यांत पुन्हा ‘लम्पी’ या गुरांच्या साथीच्या त्वचारोगाची धास्ती सुरू होते, म्हणून हे पत्र. 2019 मध्ये देशात प्रथम ओडिशात आढळलेल्या या रोगाने 2022 मध्ये राजस्थान, गुजरातप्रमाणे महाराष्ट्रातही गोधनाची मोठी हानी केली. तेव्हा राज्य सरकारने मृत गायीमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपयांची मदत जाहीर केली, हे योग्यच झाले (त्या रकमेत चांगली दुभती संकरित गाय येत नव्हती, हा मुद्दा वेगळा). परंतु आजारातून उठलेल्या जनावरांचे नुकसान या हिशेबात कोठेच नाही, आणि माझ्या मते तेच अधिक आहे.

दिवसाला 12 लिटर दूध देणारी गाय निम्म्यावर आली आणि दर लिटरला 35 रुपये धरला, तर दोन महिन्यांत 12,600 रुपये बुडतात, औषधपाणी निराळे. गाभण गाय गाभडली, तर अख्खे वेत हातचे जाते, चारा-पेंड मात्र चुकत नाही. त्यातच जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. रोग आवरण्यासाठी ते आवश्यक होते. पण अडीनडीला दावणीची गाय विकून दवाखान्याचा खर्च भागवणाऱ्या घराला त्या काळात सावकाराखेरीज दुसरे दार उरले नाही.

लाळ्या-खुरकुत या जनावरांच्या तोंडाला-खुरांना फोड आणणाऱ्या रोगाचे तर याहून विचित्र आहे. त्यात मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, त्यामुळे नुकसानीची बातमीही होत नाही. पण खुरे सडलेला बैल पेरणीला जुंपता येत नाही. केंद्राने 2019 मध्ये हा रोग आणि ब्रुसेलोसिस (जनावरे गाभडवणारा संसर्गजन्य रोग) यांच्या नियंत्रणासाठी 13,343 कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला, तो या न दिसणाऱ्या तोट्यामुळेच. नेटाने लसीकरण केल्यास काय साधते, हे बुळकांड्या या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या उच्चाटनातून आपण पाहिलेच आहे.

जनावरांच्या कानात ओळखीचे 12 अंकी बिल्ले आहेत आणि दूध संकलन केंद्रांवर रोजच्या दुधाची नोंद होते. या दोन नोंदी जोडून साथीच्या काळात तालुकावार किती दूध घटले, हे पशुसंवर्धन विभागाने जाहीर करावे आणि मदतीच्या निकषांत दूधघट व गर्भपात यांचा समावेश करावा, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक वाचक, सांगोला (जि. सोलापूर)