दार फोडायचं कधी, हे पोलिसांना शिकवा: मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत साहेब,

गृह खातं तुमच्याकडेच आहे म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय. घर आतून बंद, आत एकटं म्हातारं माणूस, फोन उचलत नाही, शेजारी ११२ लावतात, पोलीस येतात आणि दारात उभे राहतात. पुढे काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलेलंच नाहीये.

गोव्यात असली घरं किती, ते तुम्हाला सांगायला नको. पोरं स्विंडनला, लिस्बनला, दुबईला नाहीतर बोटीवर, आणि इथे पाच खोल्यांच्या घरात एकटी आई. तुम्ही स्वतः डॉक्टर, पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा एक एक तास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्या वाड्यावरचंच सांगतो. काका एकटे, मुलगा इंग्लंडात. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) लक्षात आलं की कालचे पाव दाराला तसेच लटकतायत. हाका मारल्या, आतून काहीच नाही. पोलीस आले, चांगली माणसं होती, उद्धट वगैरे कोणी नाही, पण एक म्हणतो घरमालकाची परवानगी पाहिजे (अहो घरमालकच आत पडलाय!), दुसरा म्हणतो मुलाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तिकडे पहाट, तो झोपलेला, मग तिसऱ्याने विचारलं मामलेदारांना कळवूया काय. शेवटी वाड्यावरची पोरं छपरावर चढली आणि कौलं काढून आत उतरली. काका न्हाणीत पडलेले, खुबा मोडलेला, पण शुद्धीवर. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आली, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं, वाचले.

पण दार उघडल्यावर काय झालं तेही ऐका. सगळेच आत घुसले. एकाने कपाट उघडून बघितलं, कशाला ते त्यालाच ठाऊक, एकाने काकांचा न्हाणीतलाच फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो ग्रुपवर फिरत होता. म्हणजे घाई करायची तिथे घाबरले आणि थांबायचं तिथे मोकाट सुटले. दोन्ही गोष्टी ट्रेनिंगच्या आहेत, स्वभावाच्या नाहीत.

पोलीस घाबरतात त्यालाही कारण आहे. त्यांना शिकवलेली कलमं सगळी गुन्ह्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ४४ दार तोडायला देतं, पण आत अटक करायचा माणूस असेल तर. कलम १८५ वॉरंटशिवाय झडती घ्यायला देतं, पण तपास चालू असेल तर, तेही कारणं लिहून. काका आरोपीही नाहीत आणि पुरावाही नाहीत. माणूस मेला की मात्र कलम १९४ आहे, पंचनामा बिंचनामा सगळं व्यवस्थित ठरलेलं.

तरी हात बांधलेत असं नाही हं. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम १९ म्हणतं की जीव किंवा मालमत्ता वाचवायला सद्भावनेने केलेलं नुकसान हा गुन्हा नाही. कलम ३० संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कामाला संरक्षण देतं. घरात बेकायदा शिरण्याच्या कलम ३२९ ला मुळात गुन्हा करायचा नाहीतर धमकवायचा, अपमान करायचा हेतू लागतो. म्हणजे हवालदार सोडा, कौलं काढणारी पोरंसुद्धा कायद्यात बसतात. पण दारात उभ्या असलेल्यांपैकी एकालाही हे सांगता आलं नाही.

बाहेर हे प्रश्न कोर्टात घासून झालेत. इंग्लंडात १९८४ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये सरळ लिहिलंय की जीव वाचवायला पोलीस वॉरंटशिवाय घरात जाऊ शकतात, पण २०१० मध्ये तिथल्या हायकोर्टाने हेही सांगितलं की नुसती काळजी वाटते एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत २००६ च्या ब्रिगहॅम सिटी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जखमी माणसाला मदत करायला आत जायची मोकळीक दिली. नंतर एका बाईने नवऱ्याची काळजी वाटते म्हणून पोलीस बोलावले, पोलिसांनी नवऱ्याला हॉस्पिटलात धाडलं आणि मागून घरात शिरून त्याच्या बंदुका उचलल्या, ती कॅनिग्लिया केस, २०२१ मध्ये कोर्टाने एकमताने पोलिसांच्या विरोधात निकाल दिला. आणि टेक्ससच्या फोर्ट वर्थमध्ये २०१९ ला शेजाऱ्याने रात्री दार उघडं दिसलं म्हणून फोन केला, तर आलेल्या पोलिसाने आपण पोलीस आहोत हेसुद्धा न सांगता खिडकीतून गोळी घातली, घरातली बाई मेली. आपल्याकडे बंदुकीचा प्रकार तेवढा नाही, देवाची कृपा.

आपल्याकडची भीती वेगळी आहे. भाटकार-मुंडकाराचं (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) भांडण, भावाभावांची वाटणी अडकलेली, अशात कोणीतरी ११२ ला सांगणार की बहिणीची काळजी वाटते, दार फोडा, आणि फोडलेल्या दारातून हा आत. म्हणून नियम कडकच हवा. शेवटचं कधी दिसली, दिवा पंखा चालू आहे काय, हॉस्पिटलात किंवा नातेवाईकांकडे गेली नाही ना, घराला फेरी मारून खिडक्या बघितल्या काय, हे पाच-दहा मिनिटांत विचारून वरिष्ठाला फोन, त्याच वेळी १०१ (अग्निशमन दल) आणि १०८, मोठ्याने आपण कोण ते सांगायचं, व्हिडिओ चालू करायचा आणि मगच दार. कण्हण्याचा आवाज आला तर यातलं काही विचारत बसायचं नाही. आत गेल्यावर ज्यात माणूस मावत नाही ते उघडायचं नाही. खाजगी मोबाईलवर फोटो बंद. आत मानसिक आजाराचं माणूस असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, हेही पोलीस स्थानकात भिंतीवर लावा.

नवा कायदा करा असं म्हणतच नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २१ आहे, पोलिसांना वेळोवेळी ट्रेनिंग द्यायचं सरकारवर बंधन आहे. केंद्राच्या नमुना नियमांत प्रत्येक स्थानकात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी आणि महिन्यातून एक भेट सांगितलीय. भाडेकरूंचे फॉर्म गोळा करायला पोलिसांना वेळ मिळतो, मग ही यादी का नाही? ज्येष्ठांना दरमहा पैसे देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची नावं सरकारकडे आहेतच, तिथून सुरुवात करा. वाळपईच्या पोलीस ट्रेनिंग स्कूलमध्ये एक दिवस खरं दार, खरी कडी लावून सराव घ्या, पीएसआयपासून कॉन्स्टेबलपर्यंत सगळ्यांचा.

आणि एक राहिलं. फोडलेलं दार दुरुस्त कोण करणार ते आदेशातच लिहा, पैसे कुठल्या खात्यातून, आणि नातेवाईक येईपर्यंत उघड्या घरावर पहारा कोणाचा. नाहीतर पुढच्या वेळी पोलीस त्याच विचाराने परत बाहेर उभे राहतील.

आपला,
तुमच्याच डिचोली तालुक्यातला एक नागरिक