विंगेतल्या माणसाची यादी

पुणे,
ता. १४ जुलै

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. त्यात तू मारलेल्या टोमण्याचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नव्हते, म्हणून उशीर झाला. तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या नाटकगृहांत कोणत्या दिवशी कोणते नाटक झाले आणि त्यात कोणी काय काम केले, याच्या याद्या वाचण्यात मी सध्या गढून गेलो आहे हे कळल्यावर तू लिहिलेस की, हे रेल्वेचे जुने वेळापत्रक वाचण्यासारखेच झाले, गाडी तर केव्हाच निघून गेली. गाडी गेली हे मान्य. पण नाटकाची गाडी गेल्यावर वेळापत्रकाखेरीज मागे उरतेच काय? आणि ज्याने उभी हयात विंगेत वही घेऊन काढली त्यानेच हे लिहावे याचे मला विशेष नवल वाटले, कारण या याद्यांचा मूळपुरुष तुझ्याच जातकुळीचा, म्हणजे प्रॉम्प्टर होता.

त्याचे नाव जॉन डाउन्स. १६६१ साली लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाटकगृहाचा पहिला खेळ होता, तेव्हा हे गृहस्थ नट म्हणून रंगमंचावर उभे राहिले. समोर खुद्द राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा दरबार बसलेला. ते पाहूनच याची गाळण उडाली आणि नट म्हणून आपण कायमचे निकामी झालो, असे पुढे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले. मग तो विंगेत गेला आणि १७०६ सालापर्यंत तिथेच राहिला. सकाळी तालमीला हजर राहायचे, प्रत्येक नटाची भूमिका स्वतंत्र कागदावर उतरवून द्यायची आणि दुपारी प्रयोगाला वही धरून उभे राहायचे, हे त्याचे काम. त्या काळी नटाला संपूर्ण नाटक मिळत नसे. त्याची स्वतःची वाक्ये आणि आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द, एवढेच त्याच्या हाती पडे. म्हणजे सबंध नाटक ज्याच्या डोळ्यांखालून रोज जात होते असा कंपनीतला माणूस एकच, हा डाउन्स. निवृत्तीनंतर १७०८ साली त्याने एक लहानसे पुस्तक छापले. त्यात नाटकामागून नाटक घेऊन अमक्याने हे काम केले, तमक्याने ते केले, आणि नाटक चालले की पडले, एवढेच बहुतेक लिहिले आहे. भाषा ओबडधोबड आहे, तारखांचा मेळ अनेकदा बसत नाही. तरीही त्या रंगभूमीविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आजही प्रथम त्याच्याच दारी जातो.

आता थोडी पार्श्वभूमी. १६४२ साली यादवी युद्ध सुरू होताच इंग्लंडच्या पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली आणि अठरा वर्षे ती बंदच राहिली. १६६० साली राजा परत आला. त्याने टॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हेनंट या दोघांनाच लंडनमध्ये नाटक कंपनी चालवण्याची सनद दिली. जुनी नाटकेसुद्धा घरच्या भांड्यांसारखी दोघांत वाटून दिली गेली. 'हॅम्लेट', 'लिअर', 'मॅकबेथ' डॅव्हेनंटकडे, 'ऑथेल्लो' किलिग्रूकडे. त्याच वर्षी ८ डिसेंबरला किलिग्रूच्या कंपनीने 'ऑथेल्लो'चा खेळ केला आणि त्यात डेस्डेमोनाचे काम एका स्त्रीने केले. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीने उभे राहण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. त्या खेळासाठी खास लिहिलेले प्रास्ताविक आपल्याकडे आहे, त्यात या नव्या गोष्टीची थट्टामस्करीही आहे. पण ती स्त्री कोण, हे कोणीही नोंदवून ठेवले नाही, आणि अभ्यासक आजही दोन-तीन नावांवर वाद घालत बसले आहेत. अण्णा, एक ओळ लिहायची राहून गेली की काय होते, ते पाहा.

स्त्रीभूमिका करणाऱ्या तरुण नटांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या मनात आधी येणार, कारण आपण बालगंधर्वांच्या आठवणी सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांत वाढलो. एडवर्ड किनस्टन हा त्यांतला सर्वांत देखणा. सॅम्युअल पीप्स नावाचा नौदलातला एक अधिकारी त्या काळी रोजनिशी लिहीत असे. (नाटकाला जाणार नाही अशी शपथ घ्यायची आणि ती मोडायची, हे याचे नित्याचेच, त्या बाबतीत तो थेट आपल्यातला वाटतो.) १६६१ च्या जानेवारीत बेन जॉन्सनच्या 'एपिसीन' या नाटकात त्याने किनस्टनला पाहिले आणि लिहिले की, स्त्रीवेषात तो साऱ्या नाटकगृहात सर्वांत सुंदर स्त्री दिसला आणि शेवटी पुरुषवेषात आला तेव्हा सर्वांत देखणा पुरुष. त्या नाटकाची गंमतच अशी आहे की, एका तिरसट म्हाताऱ्याने शांत, अबोल म्हणून लग्न करून आणलेली बायको शेवटी मुलगा निघते. बायकांची कामे बायकांनीच करावीत असा दंडक १६६२ च्या सनदेने घातल्यावर किनस्टनने पुरुषांच्या भूमिका घेतल्या आणि राजांची कामे करत तो म्हातारा झाला. पण 'एपिसीन'ची अडचण मागे राहिलीच. १७७६ साली ड्रुरी लेन नाटकगृहात ते नाटक पुन्हा उभे केले तेव्हा ही भूमिका नवख्या सेरा सिडन्सला दिली. आता खरोखरीची स्त्री 'मी मुलगा आहे' म्हणून उभी राहिल्यावर शेवटच्या गौप्यस्फोटात जीव कुठून राहणार? लौकरच ती भूमिका एका पुरुष नटाकडे गेली. एकशे पंधरा वर्षांत रंगभूमी किती बदलली, हे सांगायला मला ग्रंथ नको; या दोन खेळांची पात्रयादी शेजारी शेजारी ठेवली तरी पुरते.

आपल्याकडे 'भूमिका केली' म्हणतात; तिथे भूमिका नटाच्या मालकीची होई. एकदा मिळाली की कंपनी सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत ती त्याचीच. टॉमस बेटर्टनने १६६१ साली हॅम्लेट केला. पीप्सने त्याचे काम कल्पनेपलीकडचे म्हटले आहे. हाच बेटर्टन १७०९ साली सत्तरी उलटल्यावरही हॅम्लेटच करत होता आणि लोक त्या थकलेल्या देहात तरुण राजपुत्र पाहत होते. डाउन्स सांगतो की, डॅव्हेनंटने जुन्या ब्लॅकफ्रायर्स कंपनीतल्या टेलरला हॅम्लेट करताना पाहिले होते, टेलरला खुद्द शेक्सपियरने शिकवले होते, आणि डॅव्हेनंटने ते सारे बेटर्टनच्या अंगी उतरवले. घराणेदार गवयाने गुरुपरंपरा सांगावी तशी ही हकीकत आहे. हिशेब मात्र जुळत नाही, कारण टेलर त्या कंपनीत आला तोवर शेक्सपियरला जाऊन तीन वर्षे झाली होती. तरीही मला ती खोडून टाकवत नाही. भूमिका हाताहातांतून पुढे जाते ही त्या लोकांची श्रद्धा तिच्यात दिसते. १३ एप्रिल १७१० रोजी बेटर्टन संधिवाताने सुजलेल्या पायात बुटाऐवजी सपाता घालून शेवटचा उभा राहिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला गेला.

अठराव्या शतकात वर्तमानपत्रे आली, त्यांत नाटकांच्या जाहिराती येऊ लागल्या आणि पात्रयादीही छापली जाऊ लागली. पण छापील कागदावर किती विश्वास ठेवायचा, तेही सांगतो. १९ ऑक्टोबर १७४१ रोजी लंडनच्या पूर्वेकडील गुडमन्स फील्ड्समध्ये संगीताची मैफल जाहीर झाली आणि मैफलीच्या दोन भागांमध्ये 'तिसरा रिचर्ड' फुकट दाखवू, असे सांगण्यात आले. कारण १७३७ च्या कायद्याने सनद नसलेल्या नाटकगृहाला पैसे घेऊन नाटक करता येत नव्हते; तेव्हा पैसे गाण्याचे आणि नाटक वरकड, अशी ही पळवाट. रिचर्डच्या नावापुढे छापले होते, 'कोणत्याही रंगमंचावर पूर्वी कधीही न आलेले एक सद्गृहस्थ'. हे सद्गृहस्थ म्हणजे डेव्हिड गॅरिक, आणि त्याच उन्हाळ्यात इप्सविचला खोटे नाव घेऊन ते नाटकांत काम करून आले होते! एका जाहिरातीत दोन थापा. पण त्या रात्रीनंतर इंग्रजी अभिनयाची रीतच पालटली.

हाच गॅरिक पुढे ड्रुरी लेनचा चालक झाला आणि १७५० च्या सप्टेंबरअखेरीस त्या शतकातली सर्वांत गमतीची पात्रयादी जुळून आली. त्याचा देखणा नट स्प्रेंजर बॅरी आणि नटी सुझॅना सिबर ही दोघे त्याला सोडून कॉव्हेंट गार्डनला गेली आणि त्यांनी 'रोमिओ आणि ज्युलिएट' लावले. गॅरिकनेही त्याच संध्याकाळी तेच नाटक लावले. रोमिओ स्वतः, ज्युलिएट जॉर्ज ॲन बेलामी. लंडनमध्ये सनदेची नाटकगृहे दोनच, आणि दोन्हीकडे रोज तेच नाटक. कॉव्हेंट गार्डनने बारा खेळांनंतर माघार घेतली, गॅरिकने हट्टाने तेरावा केला. रसिक आधी हौसेने इकडून तिकडे धावले, मग वैतागले. 'तुमच्या दोन्ही घरांवर मरी येवो' हा नाटकातलाच शाप कोणी तरी दोन्ही नाटकगृहांना कवितेतून परत केला. एका बाईचे मत मला त्या काळच्या साऱ्या समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते. ती म्हणाली, मी ज्युलिएट असते तर गॅरिकचा रोमिओ इतका पेटलेला होता की, तोच सज्जात चढून येईल असे वाटले असते. आणि बॅरीचा इतका आर्जवी होता की, मीच खाली उडी घेतली असती. आता तू सांग, नाटक तेच, वाक्येही बहुतेक तीच. मग दोन्हीकडे वेगळे काय होते? दोन नावे.

एका माणसामुळे नाटक पडू शकते, तसे ते उठूही शकते. नाटककार शेरिडनचे 'द रायव्हल्स' १७ जानेवारी १७७५ ला पहिल्याच खेळात कोसळले. लांबलचक होते हे खरे, पण एका आयरिश सरदाराच्या भूमिकेतल्या नटावर लोक विशेष चिडले होते. अकरा दिवसांनी नाटक कापून आणि तेवढी भूमिका क्लिंच नावाच्या नटाला देऊन पुन्हा लावले, ते आजतागायत चालू आहे. उपकाराची फेड म्हणून शेरिडनने क्लिंचच्या मदतीच्या खेळासाठी (म्हणजे ज्याची कमाई त्या नटाला मिळे अशा खेळासाठी) एक छोटे प्रहसनही लिहून दिले.

पण या सगळ्यांत मला सर्वांत आवडते ती मेणबत्तीची हकीकत. झोपेत चालत येणारी लेडी मॅकबेथ ही अनेक वर्षे हॅना प्रिचर्डची भूमिका होती आणि त्या प्रवेशात ती हातातली मेणबत्ती खाली ठेवत नसे. प्रिचर्ड १७६८ साली वारली. 'एपिसीन'मध्ये फसलेली आणि नंतर लंडनने परत पाठवलेली सिडन्स १७८२ साली मोठी होऊन परतली, आणि २ फेब्रुवारी १७८५ ला ड्रुरी लेनमध्ये ही भूमिका करायला निघाली. हातावरचे रक्त धुवायचे तर मेणबत्ती खाली ठेवावीच लागेल, हा तिचा साधा विचार. शेरिडन आता चालक. तो पडदा उघडण्यापूर्वी तिच्या खोलीत येऊन विनवू लागला की, प्रिचर्डने जे कधी केले नाही ते तू करू नकोस, लोक सहन करणार नाहीत. तिने मेणबत्ती ठेवली, दोन्ही हात एकमेकांवर चोळले, आणि खेळ संपल्यावर शेरिडननेच येऊन तिचे अभिनंदन केले. मरून सतरा वर्षे झालेली बाई त्या रात्री कोणत्याही जाहिरातीत नव्हती, तरी रंगमंचावर होती. पात्रयादी वाचताना मी छापलेल्या नावामागे त्या भूमिकेचे आधीचे नाव शोधतो, ते यासाठी.

आता आपल्या घरचे. आर्थर मर्फीचे 'ऑल इन द राँग' हे प्रहसन १७६१ च्या उन्हाळ्यात ड्रुरी लेनला प्रथम झाले. मर्फी आणि नट-नाटककार फूट यांनी त्या हंगामापुरते नाटकगृह गॅरिककडून घेतले होते. त्याचे मूळ मोलिएरच्या एका प्रहसनात. तेच देवलांच्या हाती आले आणि 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' झाले. पुढे १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून गंधर्व नाटक मंडळीने ते गाजवले. म्हणजे आपल्या हौशी मंडळाने गणेशोत्सवात ज्या नाटकाचे तीन खेळ केले, त्या नाटकाच्या पात्रयादीची पहिली ओळ ड्रुरी लेनमध्ये लिहिली गेली होती. हे कळल्यावर मी रात्री उठून बसलो आणि आपली यादी आठवू लागलो. फाल्गुनराव मला आठवतो, कृत्तिकाही आठवते. पण दुसऱ्या खेळाला आश्विनशेठ तापाने फणफणला आणि ऐन वेळी कोणाला तरी हातात वही देऊन उभे केले होते, तो कोण, हे काही केल्या आठवत नाही. (तिथेही असे होई, आजारी नटाचे काम दुसरा हातात पुस्तक धरून वाची आणि लोक ते चालवून घेत.) भादव्या दोघांनी केला की तिघांनी, याविषयीही माझा गोंधळ आहे.

तुझ्या ट्रंकेतली ती लाल पुठ्ठ्याची प्रॉम्प्टिंगची वही अजून असेल, तर तिच्या पहिल्या पानावर तू पेन्सिलीने नावे लिहीत असस, हे मला पक्के ठाऊक आहे. पेन्सिल पुसट झाली असेल. तेव्हा पावसाळी दमट हवेत ती वही आणखी न ठेवता तिन्ही खेळांची नावे, बदल्यांसकट, शाईने उतरवून मला पाठव. हार्मोनियमवर कोण होते तेही लिही, आणि प्रॉम्प्टरच्या नावापुढे स्वतःचे नाव घालायला विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ