बंदी जाळ्याला, मोकळीक इंजिनाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मध्य प्रदेशात दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्या आणि मोठ्या तलावांतली मासेमारी बंद असते. रोहू, कटला, मृगळ यांचा हा विणीचा काळ. तेव्हा जाळं टाकणाऱ्यावर कारवाई होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच पाण्यात इंजिनाची नाव धडधडत फिरली, तर त्या माशांचं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. माशाला बाहेरून कान दिसत नाही म्हणून आपण त्याला बहिरा समजतो. रोहू, कटला, नर्मदेतला महाशीर, मागूर यांच्या शरीरात तर हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने ती 1820 मध्ये दाखवून दिली. थोडक्यात, आपल्याकडचे हे मासे इतर कित्येक माशांपेक्षा तिखट कानाचे आहेत.

या आवाजाचे परिणाम मोजलेले आहेत. डॅन्यूब नदीतल्या जहाजांचा आवाज ऐकवल्यावर रोहूच्याच कुळातल्या कार्प माशांमध्ये ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, वाढलेलं आढळलं. हा अभ्यास 2006 चा. बास जातीच्या माशांवरचा कॅनडातला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. वल्ह्याची होडी, बॅटरीची मोटर आणि पेट्रोलचं इंजिन असे तीन आवाज ऐकवले, तेव्हा इंजिनाच्या आवाजानंतर माशाचं हृदय पूर्ववत व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रवाळ बेटांजवळ तर मोटारबोटीच्या आवाजात लहान मासे शिकारी माशाच्या तोंडी दुपटीहून अधिक वेळा सापडले. धोका ओळखून पळायलाच त्यांना उशीर होत होता.

काठावरच्या डीजेचा आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्याचा त्रास मुख्यतः माणसांना आणि पक्ष्यांना. बोटीचा पंखा आणि इंजिन मात्र थेट पाण्यातच बोलतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम वस्ती, बाजार, शाळा, रुग्णालयं यांच्या मर्यादा ठरवतात. पाण्याखालच्या आवाजाला त्यांत मर्यादाच नाही. भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटारबोटींवर 2023 मध्ये हरित न्यायाधिकरणाने बंदी आणली, तेव्हाही बोलणं झालं ते मुख्यतः डिझेलच्या प्रदूषणाचं.

नर्मदेतला महाशीर घटला तो प्रामुख्याने धरणांमुळे आणि वाळूउपशामुळे, हे मान्य. पण धरण हलवता येत नाही, इंजिन बंद करता येतं. सिरपूर आणि यशवंतसागर ही आपल्या इंदूरची दोन्ही पाणस्थळं 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिथे इंजिनाच्या बोटी कधीच नकोत. महेश्वर-ओंकारेश्वरला निदान मासेमारी बंद असते ते दोन महिने तरी फक्त वल्ह्याच्या नावा चालाव्यात. त्यात नावाड्यांचं नुकसान होईल, हे उघड आहे. बंदीच्या काळात मच्छीमारांसाठी बचत आणि मदतीची सरकारी योजना आहेच. त्याच धर्तीवर नावाड्यांचीही सोय व्हावी, आणि ती बंदीचा आदेश काढण्याआधी व्हावी.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर