कोमिसेर म्हणजे पोलीस आयुक्त नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅरिसमधल्या दरोड्याची किंवा दंगलीची बातमी आपल्या अंकात आली की तिथल्या ‘कोमिसेर’चा हमखास ‘पोलीस आयुक्त’ झालेला असतो. मी पुण्यात तीस वर्षे फ्रेंच शिकवले, त्यामुळे दर वेळी तिथेच अडखळते. आपल्याकडे आयुक्त म्हणजे अख्ख्या शहराच्या पोलिसांचा प्रमुख, शहराला एकच. फ्रान्समध्ये कोमिसेर शेकड्यांनी आहेत. पॅरिसच्या एकेका प्रभागातल्या पोलिसांचा प्रमुखही कोमिसेरच असतो. मुंबईच्या आयुक्तांच्या तोलाचे पद शोधायचे तर ते ‘प्रेफे द पोलिस’चे. नेपोलियनने ते १८०० मध्ये निर्माण केले.

कोमिसेर हा खरे तर आपल्या आयपीएससारखा संवर्ग आहे. पदव्युत्तर पदवी, अतिशय अवघड स्पर्धा परीक्षा आणि मग लियोंजवळच्या सँ-सीर-ओ-मों-दोर इथल्या राष्ट्रीय अकादमीत सुमारे दोन वर्षे प्रशिक्षण. खात्यात आधीपासून असलेल्यांसाठी अंतर्गत परीक्षाही असते. त्यामुळे पोलीस ठाण्याचा प्रमुख तिशीही न गाठलेला असू शकतो. अनावर जमावावर बळ वापरण्याआधी निळा-पांढरा-लाल पट्टा अंगावर चढवून पांगण्याचा इशारा द्यायचा, हे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येते. गुन्ह्याच्या तपासात मात्र तो सर्वेसर्वा नसतो. तपासावर सरकारी अभियोक्त्याची देखरेख असते, गंभीर प्रकरणांत तपास न्यायाधीशाची. ‘आयुक्तांनी चौकशीचे आदेश दिले’ असे वाक्य म्हणूनच तिथल्या बातमीत खटकते.

या वाटेवरून कुठवर जाता येते हे मी माझ्या विद्यार्थिनींना मिरेई बालेस्त्राझी यांच्या उदाहरणाने सांगत असे. कोमिसेरची परीक्षा स्त्रियांना खुली झाली ती थेट १९७० च्या दशकात, आणि बालेस्त्राझी त्या पहिल्या तुकड्यांमधल्या. पुढे त्या कलावस्तूंच्या चोऱ्यांचा तपास करणाऱ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. इम्प्रेशनिझम या चित्रशैलीला ज्याच्यावरून नाव मिळाले ते मोने यांचे चित्र १९८५ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातून चोरीला गेले होते. ते १९९० मध्ये कॉर्सिका बेटावर हाती लागले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. २०१२ मध्ये त्या इंटरपोलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मार्तिन मोंतेय यांचेही नाव घ्यायलाच हवे. पॅरिसच्या ‘ब्रिगाद क्रिमिनेल’ची, म्हणजे खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पथकाची, सूत्रे १९९६ मध्ये प्रथमच एका स्त्रीकडे गेली, ती त्यांच्याकडे. पुढच्याच वर्षी डायना यांच्या अपघाताचा तपास याच पथकाकडे आला.

या दोघींना ‘आयुक्त’ म्हटले की वाचकाला वाटते, त्या कुठल्या तरी शहराच्या पोलीस प्रमुख होत्या. त्यांनी पायरी-पायरीने काय कमावले, ते त्या एका शब्दात हरवते.

यापुढे ‘कोमिसेर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘फ्रेंच पोलिसांतील वरिष्ठ अधिकारी’ एवढा खुलासा द्यावा, ही विनंती.

आपली,
फ्रेंचची एक निवृत्त शिक्षिका, पुणे