ग्रंथपाल काकांना, १९६७च्या पंचांगाबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

मी वाचक क्रमांक ४१२. पतसंस्थेतून सुटले की सव्वासहाला कापडी पिशवी घेऊन येणारी. तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही ‘बरं बरं, आज कुठलं नेताय?’ म्हणून तो उडवून लावता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

कादंबरीला चार वर्षं झाली. पहाटे साडेचारला उठते, ओट्याजवळ पाट टाकून दोनशे पानी वहीत लिहिते आणि सहाला कुकर लावते. घरात त्या वेळी कुणी हाक मारत नाही, हे मोठं सुख आहे. विषय तुम्हाला माहीत आहे: ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आमच्या आजेसासूबाई त्या रात्री पाटण खोऱ्यातल्या घरात होत्या. वय एकोणीस, सासरे पोटात. त्यांच्याच सांगण्यावर माझी सगळी इमारत उभी आहे.

एका प्रकाशकांकडून पहिला खर्डा साभार परत आला, तेव्हा महिनाभर मी वाचनालयात फिरकले नाही. परत आले ती पुस्तक बदलायलाच. तुम्ही देवघेवीच्या टेबलावरून मान वर न करता म्हणालात, ‘वही आणलीय का?’ कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. ‘छापून कधी येणार’ हे मात्र सगळेच विचारतात.

तुम्ही तीन वह्या घरी नेल्या. त्याच्या आधी वर्षभर तुम्ही मला संदर्भ विभागातलं सातारा जिल्ह्याचं १९६३चं गॅझेटियर बसून वाचू देत होता. ते बाहेर द्यायचं नसतं, म्हणून वाचनालयाची वेळ संपल्यावरही अर्धा तास कुलूप हातात घेऊन थांबायचात. खोऱ्यातली पिकं, घरांच्या भिंती, बाजारचे दिवस हे सगळं मी त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत उतरवून घेतलं. अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा पगार होणाऱ्या माणसाचा तो वेळ होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण खरे आभार मानायचेत ते पंचांगाचे.

माझ्या सातव्या प्रकरणात भूकंपानंतर सगळं अंगण चांदण्यात न्हाऊन निघतं. त्या दोन पानांवर माझा फार जीव होता. वह्या परत देताना तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला पंचांगांचा गठ्ठा टेबलावर ठेवलात. तुमच्या वडिलांनी जपलेली पंचांगं. शके १८८९चं काढून मार्गशीर्षाचं पान माझ्यापुढे उघडलंत. शुक्ल पक्ष, पौर्णिमेला पाच-सहा दिवस बाकी. ‘हा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो. सव्वाचारला काळोख असणार. आजी नेमकं काय म्हणाल्या होत्या?’

मला आधी रागच आला, काका. आज कबूल करते. घरी येऊन मोबाइलवरचं जुनं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. आजी म्हणत होत्या, ‘चांदणं पडल्यागत दिसत हुतं समदं.’ पडल्यागत! तो ‘गत’ मीच गाळला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, मग उजेड कशाचा होता? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, गोठ्यातली चिमणी कलंडली आणि कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. तिच्याच उजेडात धाकट्या दिराला दगडाखालून ओढून काढला. म्हैस दाव्यालाच राहिली. तिचं हंबरणं ऐकू येत होतं आणि कुणी तिकडे वळलं नाही.

हे त्यांनी घरात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनाही नाही.

सातवं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. अकरा पहाटा लागल्या. चांदण्याची दोन्ही पानं फाडली, आणि आता त्या प्रकरणात अंधार आहे, जळत्या कडब्याचा वास आहे, ती म्हैस आहे. ज्या जागी मला शब्द शोधत बसावं लागायचं, तिथे ते आपणहून येऊ लागले. ‘छान लिहिलंय’ म्हणणारी माणसं मला भेटली आहेत आणि त्यांचाही मला लोभ आहे. पण माझं वाक्य खरं आहे का, हे बघायला घरच्या माळ्यावरून पंचांग उतरवणारे तुम्ही एकटेच.

राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही १९६७ सालचाच, हे मला तुमच्याचकडून कळलं. त्या एका सालाची किती कागदपत्रं तुम्ही माझ्यासाठी हुडकलीत!

शनिवारी पंचांग परत आणतेय, नवं प्रकरणही आणते. एक विचारायचं राहिलं. मार्गशीर्षाच्या पानाच्या कडेला तुमच्या वडिलांनी शिसपेन्सिलीने लिहिलंय, ‘पहाटे मोठा धक्का. सर्व सुखरूप. दूध आले नाही.’ ही ओळ कादंबरीत जशीच्या तशी घेऊ का? नाही म्हणालात तरी चालेल. काकूंनाही विचारून सांगा.

आपली,
वाचक क्रमांक ४१२